लोम्नोच्या दोन नेझा

सकाळची कॉफी घेऊन व्लास्ता कॉम्प्युटरसमोर बसली आणि वंशावळ शोधणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या पहिल्याच पोस्टला तिनं कपाळाला हात लावला. कुणीतरी लिहिलं होतं: "माझे पणजोबा फ्रान्त्स. डोंगराकडचे होते. कुणाला काही माहिती असल्यास कळवावे. तातडीचे आहे."

सविन्येच्या खोऱ्यात त्या काळी दर दुसऱ्या घरात एक फ्रान्त्स होता. आणि माणूस मरून शंभर वर्षं झाली, आता कसली तातडी? तरी तिनं शहाण्यासारखं उत्तर टाइप केलं. गाव कोणतं, आडनाव काय, बायकोचं नाव माहीत आहे का. पुढचं सगळं तिला पाठ होतं. आठवड्यानं गृहस्थ म्हणणार, आडनाव माझंच की! मग ती चर्चच्या जुन्या नोंदींचे फोटो उघडून, वाकड्यातिकड्या जर्मन अक्षरांत डोळे घालून तो फ्रान्त्स शोधून काढणार. गृहस्थ तो उचलणार आणि साधं 'आभारी आहे'ही न म्हणता नाहीसे होणार.

"आज जेवायला कोण कोण आहे? जिवंत माणसंच ना?" स्वयंपाकघरातून येर्नेनं विचारलं. नवऱ्याचा हा विनोद आता इतका जुना झाला होता की तिला त्याचा रागही येत नसे.

व्लास्ता त्सेल्येच्या शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होण्याच्या थोडं आधी तिला हा नाद लागला. वडिलांच्या कपाटात पणजीचा फोटो सापडला: काळा रुमाल बांधलेली, ओठ घट्ट मिटलेली बाई. मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, 'नेझा ओश्लाक, माहेरची कोलार, लोम्नो'. तिथून जे सुरू झालं ते बारा-तेरा वर्षं थांबलं नाही. नेझाच्या लग्नाच्या नोंदीत पाद्रीबुवांनी आळस केला होता. मुलीच्या आईबापांची नावंच लिहिली नव्हती, नुसतं 'लोम्नोची नेझा कोलार'. पण नोंदीतल्या वयाशी जुळणाऱ्या वर्षी जन्मलेली एक नेझा कोलार लोम्नोत होती. ती रोझान्त्स या घरातली. तिथं कोलार आडनाव बऱ्याच घरांचं, म्हणून माणसं घराच्या नावानं ओळखली जायची. रोझान्त्स म्हणजे मोठं, जमीनजुमल्याचं घर. त्या घराच्या नोंदी मागे मागे पार तीनशे-साडेतीनशे वर्षं जात होत्या.

व्लास्ता त्या सगळ्यांना ओळखत होती. चर्चच्या पायरीवर मारामारी केली म्हणून दंड भरलेला गाश्पेर. अकरा मुलं जन्माला घालून आठ पुरलेली उर्शुला. सैन्यातून पळून तीन वर्षं गवताच्या माळ्यावर लपलेला धाकटा मातिया. लोम्नोच्या कब्रस्तानात त्या घराचा एकच दगड उरला होता: याकोब कोलार, रोझान्त्स, आणि त्याची बायको. याकोब म्हणजे नेझाचा भाऊ. दगड इतका खचला होता की खालचा भाग मातीत गेलेला. दरवर्षी सर्व संतांच्या दिवशी व्लास्ता तिथं मेणबत्ती लावून यायची.

ग्रुपमधल्या बहुतेकांना तिच्या कामाचं कौतुक होतं. क्लीव्हलँडची डेबी तर इतकी खूश झाली की अख्खा वंशवृक्ष न विचारता तिनं स्वतःच्या पानावर चिकटवला आणि वर कुठलंसं सिंहाचं राजचिन्हही काढलं. डेबीची आजी व्लास्ताच्या आजोबांची बहीण, तेव्हा नातं खरं होतं. सिंह मात्र डेबीचा.

कौतुक नव्हतं ते एका माणसाला. वेलेन्येचा सिल्वो वेर्दनिक. कोळशाच्या खाणीत मोजणीचं काम करून निवृत्त झालेला. ग्रुपवर त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, फोटोच्या जागी खुंटीवर टांगलेली टोपी. कुणीही काहीही लिहिलं की खाली सिल्वोचा एकच शब्द यायचा: "कशावरून?" नवी माणसं घाबरून ग्रुप सोडून जायची. व्लास्तावर त्याचा विशेष डोळा होता, कारण त्याचीही पणजी लोम्नोची नेझा कोलार! एकाच वर्षी गावात दोन नेझा जन्मल्या होत्या. एक रोझान्त्सांची, दुसरी मित्सा कोलार नावाच्या मजूर बाईची, बाप अज्ञात. सिल्वोच्या पणजीच्या लग्नातही त्याच आळशी पाद्रीबुवांनी आईबाप गाळले होते.

"तुमची नेझा रोझान्त्सांचीच, हे कशावरून?" तो दर वर्षा-दोन वर्षांनी विचारायचा. "माझी नेझा वेर्दनिक वारली ती लोम्नोत, घर नंबर सात. म्हणजे रोझान्त्सांच्या घरात. त्याचं काय?"

"विधवा झाल्यावर कामाला राहिली असेल," व्लास्तानं एकदा उत्तर दिलं होतं. "मोठ्या घरांत मोलकरणी असायच्याच."

त्यावर सिल्वोनं बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं.

त्या वर्षी वसंतात रोझान्त्सांच्या दगडावर पिवळी चिठ्ठी दिसली: जागेचं भाडं थकलं आहे, वारसांनी संपर्क साधावा, अन्यथा जागा मोकळी केली जाईल. व्लास्तानं फोन करायचं ठरवलं. मग तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, मग सासूबाई पडल्या, मग उन्हाळा आला आणि गेला. सप्टेंबरात ग्रुपवर कुणीतरी लोम्नोच्या कब्रस्तानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "किती मोकळं वाटतंय आता!" याकोबच्या जागी पांढरी खडी पसरली होती.

व्लास्तानं जे मनात आलं ते लिहून टाकलं. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी प्रार्थना धाडली, कुणी सरकारला शिव्या दिल्या. डेबीनं मशीनकडून भाषांतर करून लिहिलं, "मी तुमच्या दगडासाठी तुटलेली आहे." संध्याकाळी एक खाजगी निरोप आला.

"काढलेले दगड खाली नदीकाठच्या पाथरवटाकडे पडलेत. सोमवारी फोडायला घेणार, रस्त्याच्या भरावासाठी. शनिवारी मी गाडी काढतोय. वेलेन्येपर्यंत रेल्वेनं या. वेर्दनिक."

"जाऊ नकोस," येर्ने म्हणाला. "तो माणूस तुला दगडाखालीच गाडेल."

"मग तुझं जेवणाचं कोडं सुटेल," व्लास्ता म्हणाली, आणि शनिवारी गेली.

स्टेशनबाहेर एक ठेंगणा, गोल चेहऱ्याचा म्हातारा हातात कागदाची पुडी घेऊन उभा होता. डोक्यावर तीच टोपी.

"तुम्ही उंच असाल असं वाटलं होतं," व्लास्ताच्या तोंडून निघून गेलं.

"कशावरून?" सिल्वो म्हणाला, आणि स्वतःच लाजला. "पावात सॉसेज घालून आणलंय. तुम्हाला चालतं ना? ऑपरेशन झालं म्हणे तुमचं. बसा. उजव्या कानाला मला ऐकू येत नाही, तेव्हा भांडायचं असेल तर मोठ्यानं भांडा."

गाडीला ओल्या कुत्र्याचा वास येत होता. पहिला पाऊण रस्ता ते डेबीबद्दल बोलले. दोन माणसांना जवळ आणायला डेबीइतकं उपयोगी कुणी नसतं. सिल्वोनं तिला सिंहाबद्दल 'कशावरून' विचारलं होतं आणि तिनं त्याला ब्लॉक केलं होतं. व्लास्ता इतकी हसली की पोटावरची टाक्यांची जागा दुखली.

पाथरवटाच्या आवारात दगड उभे-आडवे रचलेले होते. बरेचसे पालथे. पाथरवट कामात होता. त्यानं हातानंच दाखवलं, "लोम्नोचे त्या कोपऱ्यात. पहार तिथंच आहे. बोटं सांभाळा." मग ते दोघं, एक ऑपरेशनमधून उठलेली आणि एक पंचाहत्तरी ओलांडलेला, दगडांमागून दगड कलते करून खाली वाकून बघत राहिले. कुणाचीतरी लाडकी आई. कुणीतरी विसाव्या वर्षी गेलेला. ऊन चढलं. व्लास्ताला वाटलं, आपल्याला घरी जायचंय. याकोब सापडला नाही तर बरंच होईल, निदान बसता तरी येईल.

सापडला तो सिल्वोला. काळसर दगड, कडेला द्राक्षवेलीची नक्षी. पहारीनं उलथून त्यांनी तो दुसऱ्या दगडाला टेकवला. वरची अक्षरं व्लास्ताच्या ओळखीची होती. खालचा, आजवर जमिनीत असलेला भाग मातीच्या जाड थरानं झाकलेला होता. सिल्वो पाण्याची बादली आणायला गेला. तोवर व्लास्ता गुडघ्यावर बसली आणि पिशवीतल्या ब्रशनं माती झाडू लागली. सुकलेली ढेकळं पटापट निघाली. आधी एक 'न' दिसला. मग वर्ष.

'आणि बहीण नेझा वेर्दनिक, १८६१ - १९३१.'

व्लास्तानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. सिल्वोची नेझा त्या घरात मोलकरीण नव्हती. ती घरची लेक होती. विधवा झाल्यावर भावाकडे परत आली आणि माहेरच्या मातीत गेली. म्हणजे व्लास्ताची नेझा ती दुसरी, मजूर बाईची. गाश्पेर, उर्शुला, माळ्यावर लपलेला मातिया, सगळे या टोपीवाल्या म्हाताऱ्याचे.

तिच्या मुठीत मातीचं ढेकूळ होतं. ओलं करून त्या ओळीवर थापलं असतं तर सिल्वोच्या अधू डोळ्यांना काही दिसलं नसतं, आणि सोमवारी दगड फुटलाच असता. हा विचार तिच्या मनात आला, चांगला क्षणभर रेंगाळला, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"वेर्दनिक!" तिनं हाक मारली. तो आला नाही, उजवा कान तिच्याकडे होता. "अहो सिल्वो! इकडे या!"

तो बादली घेऊन आला. वाकला. खिशातून दुसरा चष्मा काढून पहिल्याच्या वर लावला. आता हा जिंकल्याचा आनंद करणार, म्हणून व्लास्ता ओठ आवळून उभी राहिली.

"कशावरून?" तो हळूच म्हणाला. "दुसरी कुणी नेझा वेर्दनिक असेल."

"अहो, काय बोलताय?"

"असू शकते. वेर्दनिक पुष्कळ आहेत. नुसत्या नावावरून आपण..."

"तुमची नेझा कधी वारली?"

"एकतीस साली."

"कुठं?"

"लोम्नो, घर नंबर सात."

"तो नंबर कुणाचा?"

सिल्वो दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागला.

"मोलकरणीला कुणी बहीण म्हणून दगडावर कोरत नाही," व्लास्ता म्हणाली. "मी तुम्हाला तेव्हा मोलकरीण म्हणाले होते. चुकले मी. तुमचीच ती. घ्या आता."

तो शेजारच्या आडव्या दगडावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचे वडील कुणाला लोम्नोचं नाव काढू द्यायचे नाहीत घरात," तो म्हणाला. "शाळेत पोरं त्यांना चिडवायची, बिनबापाच्या आजीचा नातू म्हणून. कुणी उठवलं होतं देव जाणे. बहुतेक दोन नेझांत गावानंच घोळ घातला. जन्मभर मान खाली घालून राहिला तो माणूस." मग त्यानं मोबाइल काढला आणि थोरल्या बहिणीला लावला. ती वृद्धाश्रमात होती आणि तिलाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं आवार ऐकत होतं.

"झोफ्के! आपली पणजी रोझान्त्सांची होती! तिला बाप होता! नाव, गाव, सगळं!"

"अरे सिल्व्या," पलीकडून खणखणीत आवाज आला, "मग मी आता काय करू? उठून नाचू?" थोडं थांबून तो आवाज पुन्हा आला. "बाबांना सांगायला हवं होतं रे."

"हो ना," सिल्वो म्हणाला, आणि त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं.

दगड भाच्याच्या ट्रॉलीतून रविवारी न्यायचा असं त्यानं पाथरवटाशी ठरवून टाकलं. बायको घरात घेईल का याची मात्र त्याला खात्री नव्हती.

परतताना गाडीत दोघंही थकले होते. मोठं वळण गेल्यावर सिल्वो म्हणाला, "मित्सा आता तुमची."

"कोण मित्सा?"

"मित्सा कोलार. तुमच्या नेझाची आई. इतकी वर्षं मी तिच्याच मागे फिरलो. तिला घर नव्हतंच. आज या शेतावर, उद्या त्या. कुठं कातायला, कुठं गुरं राखायला. दर वर्षी पाद्री घरोघरच्या माणसांची नोंद करायचा, त्यात ती दर वेळी वेगळ्या घरात, सगळ्यात खाली, गडीमाणसांनंतर. मी एकेक घर नकाशावर टिपलंय. पोरगी झाली ती फेब्रुवारीत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता व्हायला गावातली एकही बाई आली नाही. शेवटी सुईणच उभी राहिली. पण एक सांगतो, ती पोरगी तिनं कधी कुणाला दिली नाही. बाकीच्या अशा बाया द्यायच्या, द्यावंच लागायचं. हिच्या नावाखाली प्रत्येक घरात, प्रत्येक वर्षी, नेझा आहेच." त्यानं गिअर बदलला. "फार जीव लावला होता मी त्या बाईवर. आता माझी कुणीच नाही ती. चमत्कारिकच वाटतंय."

"मला उर्शुलाचं तसंच वाटतंय," व्लास्ता म्हणाली.

"उर्शुला कोण?"

"तुमची. सांगेन सावकाश. आठ मुलं पुरली बिचारीनं."

स्टेशनवर उतरताना त्यानं पुडीतला उरलेला पाव तिच्या हातात कोंबला.

पुढचे दिवस वाईट गेले. वंशवृक्षातून एकेक माणूस सोडवायचा म्हणजे नुसतं पुसणं नव्हतं. कॉम्प्युटर प्रत्येकाला विचारायचा, हे नातं नक्की काढायचं? गाश्पेर, नक्की? मातिया, नक्की? व्लास्ता 'हो' दाबत राहिली. तीनशेच्या वर माणसं होती. दुपारी तिनं खुर्ची मागे सारली आणि तोंडावर हात ठेवून नुसती बसून राहिली. येर्ने दाराशी आला. विनोद करील म्हणून ती वाट बघत होती, पण त्यानं टेबलावर सूपचा बाऊल ठेवला, भोपळ्याच्या बियांचं तेल वरून सोडलेला, तिला आवडतो तसा.

"घरातलं कुणी गेल्यासारखं झालंय ना?" तो म्हणाला. "जेव आधी."

सगळा वृक्ष तिनं सिल्वोला पाठवून दिला. ग्रुपवर चूक कबूल केली. डेबीला वेगळं, सविस्तर लिहिलं की रोझान्त्स आपले नव्हेत, कृपया काढून टाक. डेबीचं उत्तर आलं: पुढच्या महिन्यात घराण्याचा मेळावा आहे, सिंहाचे टी-शर्ट छापायला गेलेत, मावशी ऐकणार नाही, आणि तसंही त्यांच्या शाखेला ही वंशावळ 'खूप लाभली आहे'. व्लास्तानं शोधलं तर आणखी कुणाकुणाच्या पानांवर तीच नेझा, तेच चुकीचे आईबाप, तिच्याच टंकलेखनाच्या चुकीसकट. कोण ही माणसं, तिला माहीत नव्हतं. ती मेल्यावरही ही चूक अशीच हिंडत राहणार होती. दोघा-तिघांना तिनं लिहिलं. एकानंही उत्तर दिलं नाही. मग तिनं सोडून दिलं.

एका रविवारी दुपारी येर्ने टेबलाशी घेवड्याच्या वाळक्या शेंगा सोलत बसला होता. व्लास्ताच्या पडद्यावर नवा वृक्ष उघडा होता. तिच्या वडिलांच्या वर आजोबा, त्यांच्या वर नेझा, नेझाच्या वर मित्सा. मित्साच्या वर काही नाही. शेजारच्या चौकटीतही काही नाही.

"एवढंच?" येर्नेनं विचारलं.

"एवढंच."

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "काय करायची ही?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. व्लास्तानं खुर्ची त्याच्याकडे वळवली, पुढ्यातल्या चार शेंगा ओढल्या आणि सांगायला लागली. कातणं, गुरं, दर वर्षी नवं घर. सुईण. सिल्वोचा नकाशा तिनं पडद्यावर मोठा करून दाखवला, डोंगराच्या त्या अंगावर विखुरलेले लाल ठिपके. येर्ने चष्मा कपाळावर सरकवून बघत होता.

"पण मग पोरगी सोबत असताना गुरं कशी राखायची?" तो म्हणाला. "म्हणजे अगदी तान्ही असताना. पाठीला बांधून?"

"मला काय माहीत?" व्लास्ता चिडून म्हणाली. "मी काय तिथं होते?"

"विचारलं आपलं."

दोघं शेंगा सोलत बसले. टरफलांचा ढीग वाढत होता.

"पहिल्या वर्षी ती गुरांवर नव्हतीच," व्लास्ता मग म्हणाली, बरीचशी स्वतःशीच. "पहिल्या वर्षी ती एका विधवेकडे होती, कातायला. घरात बसून करायचं काम. पण त्या विधवेनं तिला ठेवून कसं घेतलं? बाकी कुणी घेत नव्हतं तेव्हा..." ती अर्धवट उठली, पुन्हा बसली. कंबर धरली होती. "जाऊ दे. उद्या बघते."

"आत्ताच बघ," येर्ने म्हणाला. "मी करतो हे."